रस्त्यावरचे चातुर्वर्ण्य

परदेशात चार-दोन वर्षे काढून माणूस मायदेशी परतला, की विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत त्याच्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडते, "आपल्या लोकांना शिस्तच नाही!" पूर्वी हे वाक्य दादर-पार्ले आणि डेक्कन जिमखान्यावर ऐकू येत असे. आता आपल्या वस्त्यांतही ऐकू येऊ लागले आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेली आपली मुले, आखातात कंत्राटावर गेलेले आपले गवंडी, सुतार आणि ड्रायव्हर, कंपनीने तिकडे पाठवलेले आपले अभियंते हे सारे परत आल्यावर पहिल्यांदा बोलतात ते रस्त्याबद्दल. आम्हीही काही काळ इंग्लंडात राहिलो आहोत. तिथल्या आणि इथल्या वाहन चालवण्यातला फरक आमच्याही डोळ्यांत भरला. म्हणूनच या वाक्याची एकदा नीट झडती घेतली पाहिजे असे आम्हाला वाटते. शिस्त नाही म्हणजे नेमके काय नाही? आणि ती कोणामुळे नाही?

आधी फरक पाहू. इंग्लंडात झेब्रा क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना काळ्या-पांढऱ्या खांबावर पिवळा दिवा लुकलुकत असतो. पायी चालणाऱ्याने त्या पट्ट्यावर पाऊल ठेवले की मोटारीने थांबायचे, हा तिथला कायदा आहे आणि मोटार थांबतेही. ती कितीही महागडी असो, आत कोणीही बसलेला असो. आपल्याकडून नवा गेलेला माणूस पहिले काही दिवस पट्ट्यापाशी उभा राहून मोटार जाण्याची वाट पाहतो आणि मोटारवाला हा जाण्याची वाट पाहतो! माणसासाठी यंत्राने थांबायचे असते, ही कल्पनाच आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

दिव्यांची भाषाही उलटी आहे. तिथे समोरच्या गाडीने दिव्यांची उघडझाप केली, तर त्याचा अर्थ बहुधा "तुम्ही आधी जा" असा असतो. आपल्याकडे डिप्पर मारला की त्याचा अर्थ "मी येतोय, बाजूला हो!" वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळात हॉर्न वाजवण्यास तिथे बंदी आहे. दिवसाही हॉर्न धोक्याची सूचना देण्यापुरताच वाजवायचा असतो. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहून आमंत्रण देण्याची रीत होती. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये त्या अक्षरांवर बंदी घातली, हॉर्न मात्र वाजतच राहिला. जर्मनीत महामार्गावर वाहतूक तुंबू लागली की सारे चालक आपापल्या गाड्या कडेला सरकवतात आणि रुग्णवाहिकेसाठी मधोमध वाट मोकळी ठेवतात. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येण्याची ते वाट पाहत नाहीत. आपल्याकडे २०१९ च्या कायदा दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १० हजार रुपये दंड ठेवला आहे. तरीही रुग्णवाहिकेच्या मागे चिकटून स्वतःची गाडी पुढे काढणारे महाभाग रोज दिसतात.

हा फरक सांगून झाला की परदेशातून आलेला माणूस कारणही सांगून टाकतो. "तिकडच्या लोकांच्या रक्तातच शिस्त आहे." इथेच आमचा आक्षेप आहे. माणसाचे गुण-अवगुण रक्तातून येतात, हा सिद्धांत आपल्या समाजाने हजारो वर्षे भोगला आहे. तो मनूने सांगितला म्हणून खोटा आणि लंडनहून आलेल्या माणसाने सांगितला म्हणून खरा, असे होत नाही.

इतिहास काय सांगतो? १९३४ साली ब्रिटनमध्ये वाहने होती जेमतेम २४ लाख आणि त्या एका वर्षात रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. त्याआधी १९३० च्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली होती. मोटार श्रीमंताकडे होती आणि मरत होता पायी चालणारा. मग एकेक पाऊल पडत गेले. १९३१ साली रस्त्याच्या नियमांची सरकारी पुस्तिका निघाली. १९३५ साली वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि वाहन परवान्यासाठी परीक्षा सक्तीची झाली. १९५१ साली झेब्रा पट्टे आले, १९६७ साली दारू प्यायलेल्या चालकाच्या श्वासाची तपासणी सुरू झाली, १९८३ साली पुढच्या आसनावर सीटबेल्ट सक्तीचा झाला. यातल्या सीटबेल्टला तर तिथेही वर्षानुवर्षे विरोध झाला. आज तिथे ४ कोटींहून अधिक वाहने आहेत आणि २०२३ साली मृत्यू होते १,६२४. वाहने सतरा पट वाढली आणि मृत्यू पाव हिश्श्यापेक्षाही खाली आले. रक्त तेच होते, बदलला तो कायदा आणि त्याची अंमलबजावणी!

स्वीडनचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे पूर्वी आपल्यासारखीच वाहने डाव्या बाजूने चालत. १९५५ साली सार्वमत घेतले तेव्हा शंभरातल्या ८० हून अधिक मतदारांनी डावी बाजू सोडण्यास नकार दिला. तरीही सरकारने पूर्ण तयारी केली आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्खा देश डावीकडून उजवीकडे गेला. ज्याला आपण 'संस्कृती' म्हणून हात टेकतो, ती सवय एका पहाटेत बदलली.

तरीही संस्कृतीचा काहीच संबंध नाही, असे आम्ही म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी जगभरचे राजदूत राहतात. त्यांना राजनैतिक संरक्षण असल्याने गाडी कुठेही उभी केली तरी दंड वसूल करता येत नसे. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत त्यांनी दीड लाख पावत्या न भरता ठेवल्या. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिग्युएल या दोन अर्थतज्ज्ञांनी त्या तपासल्या. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त, त्या देशांच्या राजदूतांचे नियमभंग जास्त, असे त्यांना आढळले. म्हणजे माणूस आपल्या देशातील सवय सोबत घेऊन जातो, हे खरे. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २००२ च्या अखेरीस दंड थकवणाऱ्या गाड्यांच्या राजनैतिक पाट्या काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला, आणि साऱ्याच देशांच्या राजदूतांचे नियमभंग झपाट्याने कोसळले. सवय घरून येते, पण कायदा सर्वांना लागू झाला की ती सुटते.

आपल्याच माणसाकडे पाहा ना! जो मराठी माणूस दुबईत कॅमेऱ्याच्या धाकाने लेन सोडत नाही, लंडनमध्ये लाल दिव्यापाशी मध्यरात्रीही थांबतो, तोच मुंबईत उतरल्यावर आठ दिवसांत राँग साईडने गाडी घालतो. त्याचे रक्त विमानात बदलले काय? बदलली ती भोवतालची व्यवस्था. तिकडे त्याला ठाऊक असते की नियम मोडला तर आपली ओळख कामी येणार नाही. इकडे त्याला ठाऊक असते की एक फोन पुरतो, आणि फोन नसेल तर चिरीमिरी पुरते.

मुद्दा येतो तो इथे. जानेवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान होते. चालत्या मोटारीत सीटबेल्ट न लावता त्यांनी प्रचाराची चित्रफीत बनवली. पोलिसांनी पदावरच्या पंतप्रधानाला दंड केला आणि त्यांनी माफी मागून तो भरला. २००१ साली राणीच्या मुलीला, राजकन्या अ‍ॅनला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल न्यायालयाने ४०० पौंडांचा दंड ठोठावला. फिनलंडमध्ये तर वेगाचा दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो. २०२३ साली तिथल्या एका धनाढ्य उद्योगपतीने ५० च्या मर्यादेत ८२ च्या वेगाने गाडी चालवली, त्याला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. गरिबाला दंड जितका टोचतो तितकाच श्रीमंतालाही टोचला पाहिजे, हा त्यामागचा न्याय.

आता इकडे या. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. काही तासांत त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये एक अट होती, अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची! देशभर संताप उसळला तेव्हा कुठे आदेश बदलला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण त्या पहिल्या काही तासांनी जो धडा शिकवला, तो या देशातल्या प्रत्येक धनदांडग्याच्या पोराने पाठ केला आहे. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. डोक्यातले दिवे अजून उतरायचे आहेत.

आपल्या रस्त्याचा खरा कायदा कोणता? तो मोटार वाहन कायद्याच्या पुस्तकात नाही. सर्वांत वर नेत्याचा ताफा. त्याखाली काळ्या काचांची धिप्पाड गाडी. त्याखाली छोटी मोटार, मग रिक्षा, मग दुचाकी, मग सायकल आणि हातगाडी. आणि सर्वांच्या पायाखाली, पायी चालणारा. प्रत्येकाने वरच्याला वाट द्यायची आणि खालच्यावर हॉर्न वाजवायचा. वरून शिवी खाल्लेला दुचाकीवाला पुढच्या वळणावर म्हाताऱ्या पादचाऱ्यावर खेकसून हिशेब चुकता करतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले आणि तिचे मर्म उलगडून दाखवले. प्रत्येकाला लाथाडण्यासाठी कोणीतरी खाली मिळाला की कोणीच वरच्याविरुद्ध बंड करीत नाही. आपला रस्ता त्याच नमुन्यावर चालतो. हे रस्त्यावरचे चातुर्वर्ण्य आहे आणि पादचारी त्यातला अवर्ण!

ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या रस्ता नियमावलीत एक उतरंड घातली. पण कशी? सर्वांत वर पादचारी, मग सायकलस्वार, आणि सर्वांत खाली अवजड वाहने. जो दुसऱ्याचे जास्त नुकसान करू शकतो, त्याची जबाबदारी जास्त. आपली उतरंड त्यांनी उलटी करून ठेवली आहे.

या उलट्या-सुलट्याची किंमत आकड्यांत मोजता येते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यात ३२,८२५ पादचारी होते आणि ७४,८९७ दुचाकीवरचे. म्हणजे दर तीन मृतांपैकी जवळपास दोघे या दोन गटांतले. २०२३ साली मृतांचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला. या अहवालात मृताचे वय असते, वाहन असते, जात नसते. पण पहाटे रस्ता झाडायला कोण उतरतो, डोक्यावर पाटी घेऊन महामार्ग कोण ओलांडतो, नाक्यावर कामाची वाट पाहत कोण उभा असतो आणि फुटपाथवर कोण झोपतो, हे सांगायला आपल्याला सरकारी अहवाल लागत नाही.

रस्ता आणि वाहन या गोष्टी आपल्या चळवळीला परक्या नाहीत. १९०१ साली मसूरच्या स्थानकावरून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना गाडीवानांनी बैलगाडीत घेण्यास नकार दिला. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे, या अटीवर. १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर म्हणून आणि सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्याने महाराचा टांगा हाकण्यास नकार दिला. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकण्याची सवय नसलेला आपलाच एक माणूस पुढे बसवला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशातल्या वास्तव्याने अस्पृश्यतेची जाणीव आपल्या मनातून पुसली गेली होती आणि मायदेशी परतताच ती पुन्हा समोर उभी राहिली, हेही बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवले आहे. परदेशातून परतलेल्या माणसाने रस्त्याकडे कसे पाहावे, याचा धडा तिथे आहे. आपल्या लोकांना नावे ठेवण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. अपघाताच्या मुळाशी कोणती व्यवस्था आहे, ते त्यांनी पाहिले. टांगेवाल्याची कमाई ती केवढी! पण बॅरिस्टरापेक्षा आपण उच्च, ही त्याची समजूत पक्की होती. आणि त्या समजुतीने एका माणसाचा जीव धोक्यात घातला.

१९२४-२५ मध्ये केरळात वायकोमचा सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवर चालण्याच्या हक्कासाठी. म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि घाटांच्या सोबत 'रस्ते' हा शब्द मुद्दाम आला आहे. हा शब्द आमच्या पूर्वजांच्या चालण्याने तिथे आणला. आज कोणी गळ्यात मडके बांधायला सांगत नाही. पण फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर गटाराच्या कडेने चालणारी आई आणि तिच्या कानाशी हॉर्न वाजवणारी गाडी पाहिली, की मडके फक्त बदलले आहे असे वाटते. गाड्यांनाही आपण जात चिकटवली. काचांवर, पाट्यांवर जातीची नावे इतकी बोकाळली, की उत्तर प्रदेशात सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरकारला ती हटवण्याचा आदेश काढावा लागला.

कोणी म्हणेल, सारा दोष विषमतेचा कसा? रस्ते खड्ड्यांचे, फुटपाथ नाहीत, सिग्नल बंद, परवाने एजंटांमार्फत मिळतात. हे सारे खरेच आहे. पण उड्डाणपुलाला पैसा असतो आणि फुटपाथला नसतो, हा निर्णय कोण घेतो? मोटारीत बसणारा! नुसता दंड वाढवणे हेही उत्तर नव्हे. पाच हजारांच्या पावतीने रिक्षावाल्याच्या घरची चूल आठवडाभर थंडावते आणि बिल्डरच्या पोराला ती चहाच्या बिलाएवढी वाटते. मिनिटांच्या बोलीवर जेवण पोहोचवणारा पोरगा सिग्नल तोडतो, तेव्हा त्याला धावायला लावणारी कंपनी कोणत्याच पावतीत नसते. म्हणून दंड हवाच, पण फिनलंडसारखा, ऐपत पाहून.

आणि "आपल्या लोकांना शिस्तच नाही" म्हणणाऱ्याने ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर यावे. लाखो माणसे, बहुतेक गरीब, तासन्‌तास रांगेत उभी असतात. कोणी कोणाला ढकलत नाही, कोणी ओळख सांगून पुढे घुसत नाही. २० मार्च १९२७ ला महाडात चवदार तळ्याकडे निघालेली मिरवणूक शिस्तीची होती. नाशिकला १९३० साली काळाराम मंदिराकडे निघालेली मैलभर लांब रांगही तशीच. जिथे माणसाला वाटते की ही जागा आपली आहे आणि इथे सारे समान आहेत, तिथे शिस्त आपोआप येते. जिथे वाटते की आधी घुसला नाही तर आपल्याला कोणी विचारणार नाही, तिथे ती येत नाही.

म्हणूनच एक कडू गोष्ट आपल्याच घरात सांगितली पाहिजे. १४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत आपली पोरे ट्रिपल सीट, विना हेल्मेट, सायलेन्सर काढून निघतात. झेंडा निळा असतो, पण चालवण्याची रीत मात्र त्या काळ्या काचांच्या गाडीवाल्याची. रस्त्याच्या कडेला आपलीच म्हातारी घाबरून अंग चोरते. ज्या रस्त्यावर चालण्यासाठी बापजाद्यांनी मार खाल्ला, त्या रस्त्यावर दुसऱ्याला भ्यायला लावणे ही जयंती नव्हे. आणि हेल्मेट न घालता मेलेला पोरगा चळवळीला परत मिळत नाही.

करायचे काय? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अडथळा नसलेला फुटपाथ हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हे वाक्य घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. वस्तीसमोर फुटपाथ मागा, शाळेपुढे झेब्रा पट्टा आणि गतिरोधक मागा, महामार्ग ओलांडायला वाट मागा. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत पट्ट्यावरील पादचाऱ्याला आधी जाऊ देण्याचे बंधन आहे, हे चालकाला आणि हवालदाराला सांगा. आंबेडकरी संघटनांनी मोर्चांच्या मागण्यांत सवलती, स्मारके यांच्याबरोबर फुटपाथही लिहायला शिकले पाहिजे. परदेशातून परतलेल्या आपल्या मुलांनी तिकडच्या शिस्तीच्या कथा जरूर सांगाव्यात, पण त्या शिस्तीमागची समता आधी सांगावी. पंतप्रधानाला दंड होतो म्हणून तिथला टॅक्सीवाला नियम पाळतो.

एक माणूस, एक मत, एक मूल्य ही बाबासाहेबांची मागणी मतपेटीपुरती नव्हती. ती झेब्रा पट्ट्यावरही लागू आहे. कोट्यवधींच्या मोटारीतला माणूस आणि पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई यांच्या जिवाचे मोल एक आहे, हे ज्या दिवशी ब्रेकवरच्या पायाला कळेल, त्या दिवशी या देशात कोणाला शिस्त शिकवावी लागणार नाही.